हिरवा म्हटलं तरच खरं

ब्रश क्रीक, पेनसिल्व्हेनिया
४ ऑक्टोबर १९७६

मिलो,

नमस्कार-चमत्कार नंतर, आधी तक्रार. काल सासऱ्यांच्या बॉलिंग हॉलमध्ये टीव्ही लावून तुझी मॅच बघितली. जन्मात पहिल्यांदा मी तुला खेळताना पाहिलं. हसू नकोस. अकरा वर्षं टोलेडोच्या फुटबॉल टीमचा सेंटर होतो मी, म्हणजे अकरा वर्षं तुझ्यापुढे वाकून दोन पायांमधून तुझ्या हातात चेंडू देत होतो. मला दिसायचं ते गवत आणि समोरच्या गड्याचे दात. तू माझ्यासाठी मागून येणारा एक आवाज होतास आणि दोन गार हात. काल कळलं, की चेंडू मागताना तू दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यासारखं तोंड करतोस. हे आधी माहीत असतं तर तुझ्यावर इतका विश्वास टाकला नसता.

गुडघे गेले तरी माझी अक्कल शाबूत असेल असा इथल्या लोकांचा समज आहे. त्यामुळे जो तो विचारतो, तुमचा तो मिलो हुडाक रेषेवर उभा राहून एवढं ओरडतो काय? मी सांगितलं, आधी आपल्या लोकांच्या घोळक्यात तो एक चाल ठरवतो. मग रेषेवर येऊन समोरचे अकरा जण कसे उभे आहेत ते बघतो, आणि ती चाल फसणार असं दिसलं तर तिथल्या तिथे बदलतो. आता ओरडून बदलायची म्हणजे समोरच्यांनाही ऐकू जाणार. म्हणून मॅचच्या आदल्या दिवशी तो आपल्या लोकांना एक रंग सांगून ठेवतो. त्या रंगाच्या पुढचा आकडा खरा, बाकी सगळे रंग थापा. निळा एकवीस, लाल चाळीस, नुसती बडबड. सासरे म्हणाले, “म्हणजे हा माणूस चारचौघांत खोटं बोलायचा पगार घेतो?” मी म्हटलं, हो, आणि तुमच्या जावयापेक्षा जास्त घेतो.

आता खरी तक्रार. आपल्या वेळी तू मॅचमध्ये दोन-तीनदा चाल बदलायचास. काल बघावं तेव्हा बदलत होतास. आणि बदलून चेंडू कुठे, तर उजवीकडे. दर वेळी उजवीकडे. कॉनी म्हणते, उजव्या बाजूच्या प्रेक्षकांत कोणीतरी बसत असणार. चाळिशीला टेकलेला बिनलग्नाचा माणूस सारखा एकाच दिशेला बघतो, त्याला दुसरं कारण नसतं.

कोण आहे ती?

ऑगी


टोलेडो, ओहायो
९ ऑक्टोबर १९७६

जाड्या,

तुझी बायको तुझ्याहून हुशार आहे हे मी तुमच्या लग्नातच सगळ्यांसमोर म्हटलं होतं. हो, आहे एक जण. शाळेत भूगोल शिकवते. लाल टोपी घालून तिसऱ्या रांगेत बसते. नाव विचारू नकोस, तू ते बॉलिंग हॉलच्या फळ्यावर लिहिशील.

तुझ्या जागी आलेला लाइल रेनक्विस्ट चांगला गडी आहे. मिनेसोटाचा, त्यामुळे बोलत नाही. आणि गुणगुणत तर मुळीच नाही. अकरा वर्षं तू चेंडूवर वाकलास की पोल्का नाचाची ती एकच भिकार धून सुरू करायचास आणि मी मागून तुला शिव्या घालायचो. आता रेषेवर इतकी शांतता असते की मला माझेच विचार ऐकू येतात. ते काही ऐकण्यासारखे नसतात.

चाल जास्त बदलतो, कारण बदलावी लागते. तू गवत बघत होतास, तुला काय कळणार? मी आधी सगळ्यात मागचे दोन राखणदार बघतो. दोघं लांब उभे असतील तर पुढे माणसं कमी, मग खुशाल पळायची चाल. एक जण हळूच पुढे सरकला असेल तर त्याच्या डोक्यावरून फेकायचं. मग रेषेवर ओणवे बसलेल्यांची बोटं बघायची. बोटं पांढरी पडली असतील तर सगळा भार हातांवर, म्हणजे हा अंगावर येणार. पण हल्ली सगळे नाटकी झालेत. ज्याला यायचंय तो जांभई देतो, आणि ज्याला यायचं नाही तो डरकाळ्या फोडतो.

पेपरात आलंय, की हुडाक समोरचा बचाव पुस्तकासारखा वाचतो. कात्रण पाठवतोय. हॉलमध्ये लाव, बूट ठेवतोस त्या फळीच्या वर.

तुझा,
मिलो


ब्रश क्रीक
२६ ऑक्टोबर १९७६

मिलो,

कात्रण लावलं. सासऱ्यांनी त्यावर भाड्याच्या बुटांचे दर लिहिले आहेत.

सोबत अक्रोडाच्या रोलचा डबा आहे. तो तुझ्यासाठी नाही, भूगोलाच्या बाईंसाठी आहे. कॉनीने तुला शपथ घातलीय की त्यातला एकही तू खायचा नाहीस. तिने मनातल्या मनात तुझ्या लग्नाला घालायचा झगासुद्धा बेतलाय. रविवारी टीव्हीला नाक लावून ती तिसरी रांग शोधत होती. कॅमेरा एकदा फिरला तिकडे. तिथे मिशीवाले तीन बाप्ये बसले होते आणि एकाच्या हातात सॉसेज होतं. लाल टोपी दिसली नाही. आता ती म्हणते, बिचारी आजारी असेल.

मला मात्र दुसरंच काहीतरी दिसलं. पूर्वी तू आकडा ओरडताना नुसती नजर फिरवायचास, आधी उजवीकडे, मग डावीकडे. आता डावीकडे बघताना सगळं डोकं वळवतोस, हनुवटी खांद्याला लावून. म्हातारा माणूस ट्रक मागे घेतो तसा. आणि डावीकडे ओरडताना तुझा आवाज चढतो. टीव्हीवर गोंगाटात कोणाला कळणार नाही, पण मी त्या आवाजावर अकरा वर्षं काढली आहेत. तो आवाज मी आधी एकदाच ऐकलाय. बर्फातल्या त्या मॅचमध्ये तुझं बोट मोडलं होतं आणि तू कोणाला सांगितलं नव्हतंस.

मान धरलीय का?

ऑगी


टोलेडो
२ नोव्हेंबर १९७६

ऑगी,

मान धरलीय. नवी उशी घेतली, ती दगडाची निघाली. झालं समाधान?

रोल पोचले. तिला फार आवडले. डबा रिकामा करून परत पाठवतोय, त्यावरून काय ते समज. आणि टोपी तिने बदलली आहे, आता तपकिरी घालते. कॉनीला म्हणावं, तपकिरी शोध.

आम्ही जिंकत चाललोय हे तुझ्या पत्रात एका ओळीनेही आलं नाही. पाच मॅच ओळीने! या वर्षी फायनल गाठू असं पहिल्यांदाच वाटतंय. आठवतं ना, दोनदा आपण दारापर्यंत जाऊन परत आलो? विमानात तू रडलास आणि सर्दी झालीय म्हणालास. या वेळी सर्दी होऊ द्यायची नाही.

डोळ्यांत तेल घालून माझ्यावर पाळत ठेवायचं सोड आणि तेच तेल गुडघ्यांना लाव.

मिलो


ब्रश क्रीक
२२ नोव्हेंबर १९७६

मिलो,

कालची मॅच तुम्ही जिंकलीत. अभिनंदन. आता ऐक.

तिसऱ्या डावात तुला ज्याने आडवा केला तो डावीकडून आला. जांभई दिली नाही, डरकाळी फोडली नाही, वाकडा-तिकडा झाला नाही. सरळ रस्त्याने पोस्टमन यावा तसा आला. हॉलमधल्या सगळ्यांनी पाहिला. सासरे टीव्हीकडे पाठ करून बूट पुसत होते, त्यांनी समोरच्या आरशात पाहिला आणि ओरडले. लोकांनी गल्ल्यांमध्ये चेंडू टाकायचे थांबवले. तू पाहिला नाहीस. पापणीही हलवली नाहीस. आणि उठल्यावर उजवीकडे बघून हसलास.

त्याच वेळी कॉनी उठून आत गेली. जाताना म्हणाली, “टोपीवाली कोणी नाहीये, ऑगी.” लग्नाचं खूळ तिनेच काढलं होतं, पण माझ्याही ते गळी उतरलं होतं, कारण मला तसंच हवं होतं. वाटलं होतं, संध्याकाळी तुझ्या घरात दिवा लावणारं कोणी आलं.

विमानतळावरचा तो दिवस तुला आठवत असेल. मी विचारलं होतं, कॉनी मला हो म्हणेल का, आणि तू तासभर थट्टा करत होतास. शेवटी मी म्हटलं, बाबा रे, हिरव्यात बोल. मग तू म्हणालास, “हिरवा. ती हो म्हणेल, आणि तू तिला जपशील.” तेव्हापासून टीमचे रंग दर आठवड्याला बदलले, आपल्या दोघांचा हिरवा कायम राहिला. तो मी उठसूट वापरत नाही.

आज वापरतोय. हिरवा, मिलो. तुला काय झालंय?

ऑगी


टोलेडो
२७ नोव्हेंबर १९७६
(पोस्टकार्ड)

निळा. बरगड्या ठीक. लाल. सणाची टर्की लाइलकडे खाल्ली, त्याच्या आईने केलेली, कोरडी होती. जांभळा. तपकिरी टोपीचा तुम्हा दोघांना नमस्कार.

मि.


ब्रश क्रीक
१ डिसेंबर १९७६

कार्ड परत पाठवतोय. असलं काही माझ्या घरी ठेवत नाही.

तू बचाव वाचतोस, मी तुला वाचतो. मी तुझ्यापुढे पाठ करून उभा असायचो, तरी तुझं काय बिनसलंय ते मला कळायचं. आता तर तू समोर दिसतोस.

कॉनीने रोल करायचे बंद केले आहेत.

ऑगी


टोलेडो
९ डिसेंबर १९७६

ऑगी,

हिरवा.

ऑगस्टमध्ये सरावात कोणाचं तरी बोट माझ्या शिरस्त्राणाच्या जाळीतून आत आलं. डाव्या डोळ्याचा आतला पडदा फाटलाय. टीमच्या डॉक्टरला सांगितलं नाही. क्लीव्हलंडला जाऊन भलतंच नाव सांगून दाखवून आलो. तो डॉक्टर म्हणाला, आत्ताच ऑपरेशन करू. जितका उशीर कराल तितकी आशा कमी, आणि एक जबरदस्त धक्का बसला तर डोळा कायमचा गेला समजा. मी म्हटलं, जानेवारीत येतो. तो म्हणाला, मी बऱ्याच मूर्ख माणसांवर उपचार केलेत, पण आधी तारीख देणारा तुम्ही पहिलेच.

मधोमध आणि उजवीकडे लख्ख दिसतं. डावीकडे कोणीतरी दार लोटून घेतल्यासारखं झालंय.

आता पुस्तकासारखं वाचायचं काय ते ऐक. घोळक्यात मी चाल देतो, ती बरोबर असते. रेषेवर येतो, तेव्हाही ती बरोबरच असते. पण तिच्यात मला डावीकडे बघावं लागणार असतं. म्हणून रंग ओरडतो आणि अख्खी चाल उलटी फिरवतो, म्हणजे फेक उजवीकडे येते आणि डावीकडे राखायला आपला एक जादा गडी उभा राहतो. टीव्हीवाला म्हणतो, काय वाचन आहे! कसलं वाचन, डोंबलाचं! मी समोरच्यांच्या नाही, आपल्याच माणसांच्या डोळ्यांत धूळ फेकतोय. आणि लाज याची वाटते, की ते चालून जातंय.

भूगोलाची बाई नाही. रोल मी खाल्ले. पहिल्या दिवशी दोन, मग उरलेले. कॉनीला सांग, मला माफ कर. तिने झगा बेतलाय हे वाचून मी हसलो नव्हतो.

मला एक फायनल जिंकायची आहे, ऑगी. तुला घरी कॉनी आहे, हॉल आहे, शिव्या द्यायला सासरे आहेत. मी या खेळातून उठलो की माझ्याकडे काय? एकदा तरी काहीतरी जिंकून घरी जावंसं वाटतं, घरी कोणी नसलं तरी.

कोचला सांगू नकोस. सांगितलंस तर ते बरोबरच असेल, आणि मी तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही.

मिलो


ब्रश क्रीक
१४ डिसेंबर १९७६

मिलो,

हिरवा. सांगणार नाही.

हे लिहायला मला चार दिवस लागले. कॉनी आपल्या दोघांशीही बोलत नाहीये, तुझ्याशी न बोलण्याची सोय नाही म्हणून तुझ्या वाटचं न बोलणंही माझ्याच वाट्याला येतं. एका डोळ्याने इतक्या मॅच जिंकणारा माणूस दोन्ही डोळ्यांनी केवढा गाढव असेल, याचा मी अंदाज करतोय.

तुझी फायनल होऊ दे. पण एक सांगतो. अकरा वर्षं मी वाकून उभा राहिलो, ते चेंडू द्यायला म्हणून नव्हे. चेंडू कोणीही देईल. चेंडू दिल्यावर तुला कोणी हात लावू नये, हे माझं खरं काम. आता मी इथे बूट भाड्याने देतो. रविवारी टीव्हीवर तुझ्या हातात चेंडू आला की माझे हात आपोआप पुढे जातात. परवा एक म्हातारा नऊ नंबरचे बूट मागायला काउंटरवर वाकला होता, मी त्याला दोन हातांनी ढकलून दिलं. पार सोड्याच्या मशिनपर्यंत गेला. बूट फुकट द्यावे लागले.

फायनलला टलसावाले असणार असं दिसतं. मी बॉलिंग हॉलमधल्या खराब टीव्हीवर जे पाहिलं ते त्यांना दिसणार नाही असं समजू नकोस. ते दिवसरात्र पडद्यावर तुझीच मॅच लावून बसले असतील. तुला डावीकडे जाता येत नाही हे त्यांना कळेल. मग ते सगळे उजवीकडे येऊन उभे राहतील आणि तुला डावीकडे फेकायला लावतील. फेकायला तू उजवा खांदा मागे घेशील, आणि डावीकडून पोस्टमन येईल.

ती वेळ आली तर थांब. एवढंच मागतो. गुडघे शाबूत असते तर मागितलं नसतं, मीच आलो असतो.

ऑगी


ब्रश क्रीक
३ जानेवारी १९७७

मिलो,

काल काय झालं ते मी पाहिलं, पण मला काहीच कळलं नाही, म्हणून तूच सांग.

शेवटचं मिनिट. तुम्ही चार गुणांनी मागे, म्हणजे चेंडू पार शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन टचडाउन केल्याशिवाय गत्यंतर नाही. तू रेषेवर आलास. बघितलंस. तोंड उघडलंस. मग तू तोंड मिटलंस, हात वर करून टाइमआउट मागितलास आणि लंगडत बाहेर गेलास. जाताना उजव्या पायाने लंगडत होतास, बाकावर बसताना डाव्या. पेपरात आलंय, पायात गोळा आला.

मग तीन वर्षं बाकावर बसून मिशी वाढवलेला तो ब्रॅनिगन आत आला आणि त्याने पहिलाच चेंडू डावीकडे फेकला. तिकडे आपला एकटा गडी पळत होता आणि त्याच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. सासऱ्यांनी आनंदाने स्वतःच्याच पायावर बॉलिंगचा चेंडू टाकून घेतला. सगळे चेंडूकडे बघत होते. मी बाकाकडे बघत होतो. कॅमेरा अर्धा क्षण तिकडे गेला. तू दाताच्या डॉक्टरचं तोंड केलं नव्हतंस.

कॉनी बोलायला लागली आहे. पहिलं वाक्य होतं, “डोळा आहे का त्याचा?”

ऑगी


क्लीव्हलंड
७ जानेवारी १९७७

ऑगी,

ओळी तिरक्या गेल्या तर चालवून घे. ऑपरेशन परवा झालं. डाव्या डोळ्यावर एवढा कापूस आहे की त्यात तुझी उशी होईल. तुझं पत्र लाइलने इथे आणून दिलं. तासभर बसला, चार शब्द बोलला. त्यातले दोन “येतो मी” होते.

टलसावाल्यांनी मला वाचलं होतं, तू म्हणालास तसंच. रेषेवर उभा राहिलो आणि मोजायला लागलो. मधोमधपासून उजवीकडे आठ जण. मैदानावर अकरा असतात, म्हणजे मला न दिसणाऱ्या बाजूला तीनच. त्यातला एक अंगावर येणार. दुसरा आत सरकणार, कारण ते सगळेच माझ्या उजवीकडे सरकत होते. उरला एक, आणि त्याला पळवून दमवणारा गडी आपल्याकडे होता. आयुष्यात इतकं मोकळं रान मी कधी बघितलं नव्हतं, आणि हेही बघितलं नाहीच. सगळा जन्म दोन डोळ्यांनी वाचत आलो, पण सगळ्यात अचूक वाचलं ते न दिसणारं.

तोंड उघडलं. रंग जिभेवर आला होता. फेकलं असतं तर गेला असता चेंडू, हे मी आजही सांगतो. आणि पोस्टमनही आला असता. त्या क्षणी मला सोड्याच्या मशिनला जाऊन धडकलेला तुझा म्हातारा आठवला. साठ हजार माणसं ओरडत होती आणि मला हसू फुटलं. मग ओरडायचं ते राहूनच गेलं. हात वर केले.

ब्रॅनिगनला म्हटलं, “डावीकडे कोणी नाही.”

“तुला काय माहीत?”

“सगळे उजवीकडे उभे आहेत म्हणून.”

“मग तूच फेक की!”

मी म्हटलं, पाय. कुठला ते त्याने विचारलं नाही, नशीब.

मॅच संपल्यावर कोचला सगळं सांगितलं. त्याने टोपी जमिनीवर आपटली, उचलली, परत आपटली, आणि मग स्वतः गाडी चालवत मला इथे आणून सोडलं. वाटेत त्याने तुझं नाव घेतलं. म्हणाला, पेट्रोनला हे माहीत होतं का? मी म्हटलं, पेट्रोनला गवताशिवाय कधी काही दिसलंय का?

वाईट वाटतंय का असं तू विचारणार. वाटतंय. शेवटचा चेंडू माझ्या हातून गेला नाही. कप हातात घेतला तेव्हा तो मला माझा वाटला, आणि लगेच नाही वाटला. रात्री परत वाटला. असं चाललंय.

डॉक्टर म्हणतो, दिसेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. तुमची तारीख तुम्ही पाळलीत, आता माझी मी पाळतो, असं म्हणाला. येत्या गुरुवारी सकाळी दहाला पट्टी काढतील. इथली रीत अशी, की डाव्या बाजूच्या खुर्चीत ओळखीच्या माणसाला बसवतात आणि विचारतात, कोण आहे सांगा. सिस्टर मघाशी वही घेऊन आली होती. विचारत होती, घरचं कोण येणार?

हिरवा, ऑगी. मी तुझं नाव सांगितलं.

कॉनीला आण. तिला काय ओरडायचं ते ओरडू दे, रोल आणले नाहीत तरी चालेल. डावीकडच्या खुर्चीत तू बस.

आणि मेहेरबानी करून गुणगुणू नकोस. मला खरंच दिसतंय की नाही, ते कळायला हवं.

मिलो